चिमणीला उजेड कळतो कुठून?

डोळे घट्ट मिटा बघू. वरून तळहातही दाबून धरा. झाला ना काळोख? आता हेच खिडकीतल्या चिमणीचे डोळे झाकून केलं तर काय होईल? तिला दाणे दिसणार नाहीत, मांजर दिसणार नाही. पण उजेड मात्र कळत राहील! सूर्य उगवला, सूर्य मावळला, दिवस मोठा व्हायला लागला, हे सगळं तिच्या मेंदूला डोळ्यांवाचून समजतं. कारण चिमणीच्या मेंदूतच उजेड ओळखणाऱ्या पेशी आहेत. आणि त्यांच्यापर्यंत उजेड जातो तो पिसं, कातडी आणि कवटी यांच्या आरपार.

खोटं वाटतंय? मग आज रात्री एक गंमत करा. खोलीतला दिवा घालवा, टॉर्च लावा आणि तिच्या काचेवर बोटं दाबून धरा. टॉर्च डोळ्यांत मात्र मारून घेऊ नका. बोटं लालभडक दिसतील. म्हणजे टॉर्चचा उजेड तुमची कातडी, मांस आणि रक्त ओलांडून पलीकडे आला. रक्त निळा आणि हिरवा उजेड बराचसा शोषून घेतं, लाल त्यामानाने सहज पुढे जातो, म्हणून बोटं लाल. आता चिमणीचा विचार करा. अख्ख्या चिमणीचंच वजन २५-३० ग्रॅम, तर तिची कवटी किती पातळ असेल! तेवढ्यातून उजेड आत शिरणं काहीच अवघड नाही.

शास्त्रज्ञांना याचा पहिला सुगावा पक्ष्यांत लागला नाही, माशांत लागला. कार्ल फॉन फ्रिश हे नाव लक्षात ठेवा. मधमाश्या नाचून एकमेकींना फुलांचा पत्ता सांगतात हे शोधून काढणारे तेच, आणि १९७३ साली त्यांना नोबेल मिळालं. पण त्याच्या कितीतरी आधी, १९११ मध्ये, त्यांनी नदीतल्या छोट्या माशांवर काम केलं होतं. हे मासे उजेड-अंधाराप्रमाणे अंगाचा रंग गडद किंवा फिका करतात. फ्रिश यांना दिसलं, की मासा आंधळा असला तरी त्याच्या डोक्यावर उजेड पाडला की रंग बदलतोच. मग हा उजेड पाहतंय कोण? मेंदूच, असं फ्रिश यांनी लिहून ठेवलं. पुढे १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये झाक बन्वा यांनी बदकांवर प्रयोग केले. काचेसारख्या पारदर्शक क्वार्ट्झच्या बारीक कांडीतून त्यांनी उजेड थेट बदकाच्या मेंदूच्या तळाशी पोचवला. आणि काय? बदकाचं शरीर विणीच्या हंगामाच्या तयारीला लागलं!

पण थांबा. या पेशींना चित्र तर दिसत नाही. समोर आंबा आहे की बोका, त्यांना पत्ता नसतो. मग नुसता उजेड कळून मेंदू करतो काय?

तो वेळ लावून घेतो.

चिमणीच्या शरीरात एक घड्याळ आहे. तिला दिवसरात्र मिट्ट काळोखात ठेवलं, तरी ती जवळपास रोजच्या वेळी जागी होते, उड्या मारते, आणि ठरल्या वेळी झोपते. तुमच्या-माझ्या शरीरातही असंच घड्याळ आहे. फक्त ते बरोबर २४ तासांचं नसतं. माणसाचं सरासरी २४ तास १० मिनिटांच्या आसपास. दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण रोज दहा मिनिटं म्हणजे महिन्याभरात पाच तास! ते सुधारलंच नाही तर एक दिवस शाळेच्या वेळी तुमच्या शरीराची मध्यरात्र चालू असेल. तुमच्या पणजोबांना विचारता आलं तर विचारा, ते भिंतीवरच्या किल्लीच्या घड्याळाचं काय करायचे? रोज रेडिओवर बातम्या लागल्या की काटा मिनिट-दोन मिनिटं सरकवून घ्यायचे. सूर्याचा उजेड प्राण्यांच्या आतल्या घड्याळाचं अगदी हेच करतो. घड्याळ चालवत नाही तो, ते आपलं आपण चालतं. तो फक्त रोज लावून देतो.

या घड्याळात काटे नाहीत, सेलही नाही. पेशीच्या आत काही प्रथिनं तयार होतात, त्यांचा साठा वाढला की ती स्वतःचंच उत्पादन थांबवतात, मग हळूहळू नष्ट होतात, आणि पुन्हा उत्पादन सुरू. या एका फेरीला लागतो साधारण एक दिवस. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांना अशा फळमाश्या सापडल्या, की काहींचा दिवस १९ तासांचा, काहींचा २८ तासांचा, आणि काहींना घड्याळच नाही. आणि बिघाड होता फक्त एका जनुकात. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणाऱ्या त्या चिमुकल्या माश्या! त्यांच्यावरच पुढे काम करून जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांनी २०१७चं नोबेल मिळवलं. माशीच्या मेंदूतल्या घड्याळाच्या पेशींमध्येही उजेड ओळखणारं एक प्रथिन असतं, म्हणजे तिथेही डोळ्यांवाचून काम चालू.

आता आपल्या चिमणीकडे येऊ या. ही गोष्ट घडली अमेरिकेत, टेक्सास विद्यापीठात. पण चिमणी तीच, आपल्या वळचणीला घरटं करते ती. १८५०च्या सुमाराला तिला युरोपातून अमेरिकेत नेऊन सोडलं होतं, आणि ती तिथे सगळीकडे पसरली. मायकेल मेनाकर नावाचे शास्त्रज्ञ तिथे चिमण्यांच्या घड्याळाचा अभ्यास करत होते. पिंजऱ्यात बसायला एक दांडी. चिमणी दांडीवर उडी मारून बसली की एक खटका दाबला जायचा, आणि कागदाच्या सरकत्या पट्टीवर पेन रेघ ओढायचं. म्हणजे रात्रंदिवस कुणी जागत बसायला नको. सकाळी कागद पाहिला की चिमणी कधी जागी झाली, कधी झोपली, सगळं दिसायचं.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायलाच हवी. यातल्या काही चिमण्यांचे डोळे शस्त्रक्रिया करून काढलेले होते. मला हे लिहिताना वाईट वाटतं, आणि तुम्हाला वाचतानाही वाटेल. वाटायलाच हवं. आता प्राण्यांवर प्रयोग करायचा तर आधी समितीपुढे जाऊन तो का गरजेचा आहे आणि प्राण्याला त्रास कमीत कमी कसा होईल, हे पटवून द्यावं लागतं. पण त्या चिमण्यांनी जे शिकवलं, ते आपण नीट ऐकू या.

१९६८ मध्ये मेनाकर यांनी काय पाहिलं? खोलीतला दिवा ठरल्या वेळी लागायचा, ठरल्या वेळी विझायचा. डोळे नसलेल्या चिमण्यांचं घड्याळ त्या दिव्याला बरोबर जुळलं. दिवा लागला की त्या जाग्या! मग त्यांनी दिवा मंद केला, आणखी मंद केला. इतका, की चिमण्यांना तो कळेना, आणि त्यांचं घड्याळ स्वतःच्या चालीने भरकटायला लागलं. आता त्यांनी चिमण्यांच्या डोक्यावरची पिसं उपटली. दिवा तेवढाच मंद. आणि घड्याळ परत जुळलं! काही दिवसांनी पिसं उगवून आली, घड्याळ पुन्हा भरकटलं. पुन्हा पिसं काढली, पुन्हा जुळलं. मग त्यांनी डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचली. उजेडाची वाट बंद झाली, आणि घड्याळ सुटलं.

किती साधी सामग्री आहे बघा. एक मंद दिवा, थोडी पिसं, थोडी शाई. मोठी यंत्रं नाहीत, काही नाही. पण प्रश्न इतका नेमका विचारलेला, की उत्तराला पळायला जागाच उरली नाही. मला हा प्रयोग फार फार आवडतो.

मेनाकर आणि त्यांचे सहकारी इथेच थांबले नाहीत. वसंतात दिवस मोठा झाला की पक्ष्यांचं शरीर विणीच्या हंगामासाठी तयार होतं, हे माहीत होतं. दिवस मोठा झाला हे कळतं कुणाला, डोळ्यांना की मेंदूला? या वेळी त्यांनी धडधाकट डोळ्यांच्या चिमण्या घेतल्या. मोठा दिवस, पण उजेड मंद. अर्ध्या चिमण्यांच्या डोक्यावरची पिसं काढलेली, अर्ध्यांच्या कातडीखाली शाई. दोन्ही गटांना डोळ्यांनी सारखंच दिसत होतं. तरी पिसं काढलेल्या चिमण्या हंगामाला तयार झाल्या, शाईवाल्या झाल्या नाहीत. म्हणजे डोळे उघडे असूनही या कामात त्यांना कुणी विचारतच नव्हतं!

मग घड्याळ नेमकं कुठे आहे? पक्ष्याच्या मेंदूच्या वरच्या भागात, कवटीच्या अगदी खाली, पिनियल नावाची इवलीशी ग्रंथी असते. रात्र झाली की ती मेलाटोनिन नावाचं रसायन रक्तात सोडते, आणि सगळ्या शरीराला रात्रीची वर्दी मिळते. सुझन गॅस्टन आणि मेनाकर यांनी ही ग्रंथी काढून टाकली, तर काळोखात ठेवलेल्या चिमणीचं घड्याळच हरवलं. ती केव्हाही उड्या मारायची, केव्हाही थांबायची. पुढे १९७९ मध्ये झिमरमन आणि मेनाकर यांनी अशा घड्याळ हरवलेल्या चिमण्यांना दुसऱ्या चिमण्यांची पिनियल ग्रंथी बसवली. कुठे बसवली माहीत आहे? डोळ्याच्या पुढच्या पोकळीत! तरीही घड्याळ चालू झालं. आणि खरी गंमत पुढे आहे. ज्यांच्या ग्रंथी घेतल्या होत्या त्या चिमण्यांचे दोन गट होते, आणि दोन्ही गटांची सकाळ वेगवेगळ्या वेळी होत असे. नव्या चिमणीने कुणाची वेळ पाळली? ज्या चिमणीची ग्रंथी आली, तिची! म्हणजे ग्रंथीसोबत वेळही आली.

कोंबडीच्या पिल्लाची पिनियल ग्रंथी तर शरीराबाहेर, काचेच्या बशीत ठेवली तरी काही दिवस रात्री मेलाटोनिन सोडते, दिवसा थांबते, आणि उजेड पाडला की लगेच कमी करते. उजेड ओळखायला तिच्यात स्वतःचं प्रथिन आहे, ते जपानी शास्त्रज्ञांना १९९४ मध्ये सापडलं. आणि पिनियल काढलेल्या, डोळे नसलेल्या चिमणीलाही उजेड कळतोच, म्हणजे मेंदूत आणखी खोलवरही अशा पेशी आहेत. २०१० मध्ये जपानी बटेर पक्ष्याच्या मेंदूत खोलवर असंच एक प्रथिन सापडलं, त्याचं नाव ऑप्सिन ५. दिवस मोठा झाल्याची खबर बटेराला तिथून मिळते.

‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही’, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. जपानच्या नागोया विद्यापीठात २०१३ मध्ये खरंच जवळपास हेच करून पाहिलं. कोंबड्यांना दिवसरात्र एकसारख्या मंद उजेडात ठेवलं. ना पहाट, ना संध्याकाळ. तरी कोंबडे रोज पहाटेच्या सुमाराला आरवत राहिले, कारण आरवायची वेळ त्यांचं आतलं घड्याळ सांगतं. म्हणजे झाकलेलं कोंबडंही आरवायचं राहत नाही! त्याच संशोधकांना पुढे असंही दिसलं, की कळपातला सगळ्यांत वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि बाकीचे आपापल्या मानाप्रमाणे त्याच्या मागून. तो तयार होईपर्यंत इतरांनी थांबायचं!

सरड्याची तर त्याहून मजा. बागेतल्या सरड्याच्या डोक्यावर मधोमध एक वेगळा खवला असतो, आणि त्याच्याखाली असतो खराखुरा तिसरा डोळा. त्याला भिंग आहे, उजेड ओळखणारा पडदाही आहे. चित्र मात्र उमटत नाही, फक्त ऊन-सावली कळते. न्यूझीलंडमध्ये तुआतारा नावाचा सरड्यासारखा दिसणारा एक प्राचीन प्राणी आहे, त्याच्या पिल्लांच्या डोक्यावर हा डोळा स्पष्ट दिसतो, मोठेपणी खवल्यांनी झाकला जातो. भिंतीवरच्या पालीला मात्र तिसरा डोळा नाही. सरडा बघायचा असेल तर दुरूनच बघा, पकडू नका.

मग आपलं काय? माणूस, उंदीर, गाय, वटवाघूळ या सस्तन प्राण्यांनी कवटीतून उजेड घेणं सोडून दिलं. आपलं घड्याळ लावणारा उजेड फक्त डोळ्यांतून येतो. डायनोसॉरांच्या काळात आपले पूर्वज बहुधा रात्रीच बाहेर पडणारे छोटे प्राणी होते, आणि त्या लांबलचक रात्रीत डोक्यातल्या त्या पेशींचं काम सुटलं, असं बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटतं. आपलं मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी आहे, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर. सुमारे २०,००० पेशींचा तांदळाच्या दाण्याहूनही छोटा जोडठिपका तो! घड्याळ तिथे आहे हे १९७२ मध्ये कळलं. आणि मेनाकर इथेही भेटतात बरं का. त्यांच्या प्रयोगशाळेत एक हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा छोटा प्राणी, असा निघाला, की त्याचा दिवस २२ तासांचाच होता. त्याच्या वंशात तर २० तासांचा दिवस असलेली पिल्लंही झाली. १९९० मध्ये त्यांच्या गटाने साध्या हॅमस्टरचा स्वतःचा ठिपका काढून त्याला अशा हॅमस्टरचा ठिपका बसवला. साध्या हॅमस्टरचा दिवसही छोटा झाला!

आता नीट ऐका, कारण ही गोष्ट शास्त्रज्ञांनाही बराच काळ पटत नव्हती. डोळ्यात उजेड पाहणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात, आपण शाळेत शिकतो त्या, शलाका आणि शंकू. पण ज्या उंदरांमध्ये या दोन्ही पेशी नव्हत्या, जे पूर्ण आंधळे होते, त्यांचंही घड्याळ उजेडाला जुळत होतं! म्हणजे डोळ्यातच कुणीतरी तिसरं लपलं होतं. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ यांना बेडकाच्या कातडीत उजेड ओळखणारं एक प्रथिन सापडलं, त्याचं नाव मेलानॉप्सिन. बेडकाच्या कातडीत! तेच पुढे उंदराच्या आणि माणसाच्या डोळ्यातही सापडलं. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि इतरांनी दाखवून दिलं, की डोळ्याच्या पडद्यातल्या ज्या पेशींत ते असतं, त्या स्वतःच उजेड ओळखतात आणि घड्याळाला खबर देतात. निळसर उजेड त्यांना सगळ्यांत जास्त कळतो. झोपायच्या आधी मोबाइल बाजूला ठेव असं आई म्हणते, त्यामागे या पेशी आहेत.

ही गोष्ट माणसांनाही लागू होते. काही अंध माणसांना काहीही दिसत नसलं तरी त्यांच्या डोळ्यांतून घड्याळाला उजेड पोचतो, हे १९९५ मध्ये दिसून आलं. अशा माणसांसाठी न पाहणारा डोळाही केवढा मोलाचा! पश्चिम आशियात जमिनीखाली बोगदे करून राहणारा एक आंधळा उंदीर आहे. त्याचे डोळे कातडीखाली गाडले गेलेले, वर केस. पाहायला ते अजिबात उपयोगी नाहीत. पण वेळ लावायला आहेत, आणि निसर्गाने ते तेवढ्यासाठी सांभाळून ठेवलेत.

आणि जिथे उजेडच पोचत नाही, अशा खोल गुहेत? याचं उत्तर आपल्या देशातून आलं. मदुराईचे प्राध्यापक एम. के. चंद्रशेखरन आणि त्यांचे विद्यार्थी गुहेतल्या वटवाघळांचा अभ्यास करायचे. १९८१ मध्ये त्यांनी जाहीर केलं, की गुहेच्या काळोखात पिंजऱ्यात ठेवलेलं वटवाघूळसुद्धा रोज बरोबर वेळेला जागं होतं. कारण त्याचे मोकळे भाऊबंद संध्याकाळी बाहेर उडून जातात, पहाटे परत येतात, त्यांच्या ये-जा करण्यावरून ते आपलं घड्याळ लावून घेतं. तेच वटवाघूळ एकट्याने रिकाम्या गुहेत ठेवलं, की त्याची वेळ सरकायला लागली.

आता शेवटचं, आणि मला काळजी वाटते ती गोष्ट. जर्मनीतल्या म्युनिकमध्ये सह्याद्रीतल्या कस्तुराचा भाऊबंद शोभेल असा एक काळा पक्षी राहतो. संशोधकांनी अशा पक्ष्यांना रात्री अगदी मंद उजेड दिला, पौर्णिमेच्या चांदण्याच्या आसपास. एवढ्यानेसुद्धा त्यांचं शरीर विणीच्या हंगामासाठी जवळजवळ महिनाभर आधी तयार झालं. हे २०१३ मध्ये छापून आलं. आपल्या रस्त्यांवर, सोसायट्यांच्या कुंपणांवर, झाडांभोवती गुंडाळलेल्या माळांवर रात्रभर किती दिवे जळत असतात! झाडात झोपलेल्या पक्ष्याला पापण्या मिटूनही त्यातून सुटका नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. म्हणून मला वाटतं, झाडांवरच्या माळा रात्री झोपायच्या वेळेला तरी बंद व्हायलाच हव्यात. तुमच्या सोसायटीत हे तुम्हीच सांगा. मोठी माणसं मुलांचं ऐकतात, विशेषतः मुलांनी कारण नीट समजावलं तर.

आणि एक अभ्यास तुम्हीही करू शकता, त्यात पक्ष्याला बोटही लावायचं नाही. एक वही घ्या. रविवारी लवकर उठा आणि पहिली चिमणी, बुलबुल किंवा दयाळ किती वाजता बोलला ते लिहा. दिनदर्शिकेतून त्या दिवसाची सूर्योदयाची वेळ शेजारी टिपा. शक्य असेल तर मित्राला सोबत घ्या, एकाने रस्त्याच्या दिव्याजवळच्या झाडाखाली थांबायचं, दुसऱ्याने अंधाऱ्या कोपऱ्यातल्या. थंडीत सुरू करून उन्हाळ्यापर्यंत नोंदी केल्या, तर सूर्योदयासोबत पक्ष्यांची वेळही कशी सरकते ते कागदावर दिसेल. ढगाळ सकाळच्या नोंदीपुढे मात्र आठवणीने खूण करा, त्या वेगळ्या तपासाव्या लागतील.